पांढऱ्या मातीखालचं नाव

आमच्या मायला ‘स्मारक’ हा शब्द कधी मानवला नाही. शेवटपर्यंत ती त्याला ‘तो गोटा’च म्हणत आली. गोट्याकडे गेली होती, गोट्याजवळ पाय घसरला, गोट्यापाशी बसून कोण बिड्या ओढतंय बघ जरा. त्या गोट्यावर तिच्या पोटच्या पोराचं नाव कोरलेलं होतं आणि ते नाव झाकून ठेवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. आता मी स्वतः म्हातारी झाले, गुडघे कुरकुरतात, तरी वर्षातून एकदा त्याच कामासाठी गावाला जाते. माझ्या सुनेला हा सगळा वेडेपणा वाटतो. तिला एकदा नीट बसून सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव लाखनीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. वारा तिकडचा असला की संध्याकाळी हायवेवरच्या ट्रकांची घरघर ऐकू यायची. एरवी गावात आवाज तलावाचाच. धुणं आपटण्याचा, बदकांचा आणि गुडघाभर पाण्यात झिंगे धरणाऱ्या बायांच्या भांडणांचा. आमचं घर वस्तीच्या टोकाला, कुडाच्या भिंती आणि वर कवेलू. मायला भिंती पांढऱ्या मातीने पोतारण्याचा भारी सोस. सण असो नसो, हाताला वेळ मिळाला की ती घमेलं घेऊन बसायची. बाबा चिडवायचे, “भिंत कुडाची हाये का मातीची, आता तुह्या बापालेच विचारा लागन.” जेवायला भात, सोबत लाखोळीची डाळ आणि नशीब चांगलं असेल त्या दिवशी सुक्या झिंग्यांची चटणी. ती चटणी तव्यावर पडली की शेजारचे लोक काहीतरी मागण्याचं निमित्त काढून येत. पोळी पाहुणा आला तरच व्हायची, त्यामुळे पाहुणा यावा असं मला नेहमी वाटे.

श्रावणदादा माझ्याहून बराच मोठा. मधली भावंडं जगली नाहीत, म्हणून दादा म्हणजे अर्धा बापच. उंच, काटकुळा, आणि उभा राहिला की एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासत राहायची सवय. पोरं त्याला बगळा म्हणत. माय म्हणे, याचा एक पाय गावात आणि दुसरा गाव सोडायला उचललेला. तिचं बोलणं खरं ठरलं. नागपूरला भरती आहे असं कळताच तो एका मित्राबरोबर गेला, मित्र नापास होऊन परत आला आणि दादा फौजेत राहिला. सुटीवर यायचा तेव्हा माझ्यासाठी रिबिनी आणि बाबांसाठी फौजी साबण आणायचा. तो साबण बाबांनी कधी अंगाला लावला नाही, नुसता वास घेऊन परत ठेवायचे.

लढाई लागली तेव्हा आम्ही धानाच्या मळणीत होतो. ग्रामपंचायतीत एक रेडिओ होता, पण त्याची बॅटरी ऐन बातमीच्या वेळी मान टाकायची. तरी लढाई जिंकल्याचं कळलं, गावात गूळ वाटला, पोरांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फटाके उडवले. त्यानंतर काही दिवसांनी तार आली. तार शाळेच्या मास्तरांनी वाचली. शिपाई श्रावण कवडू बेपत्ता आहे, एवढंच तिच्यात होतं. बेपत्ता म्हणजे मेला असं नाही, सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ, हे मास्तरांनी नीट समजावून सांगितलं. पण समजावताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. झालं. मास्तर काय बोलले ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, टोपी मात्र सगळ्यांनी पाहिली. दुपारपर्यंत बाया आमच्या अंगणात येऊन बसल्या. माय दारात उभी राहिली आणि मास्तरांना म्हणाली, “गाय हरवली त मानूस गावोगावचे कोंडवाडे धुंडते जी. आन माहा पोरगा हरवला त तुमी टोपी काढता?”

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, पुढे वर्षभर नाही. बायांना तिने चहा दिला आणि घरी पाठवलं. बाबा मात्र आतल्या आत खचले. ते कोपऱ्यातल्या बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून राहायचे. त्यांनी मनाशी मुलाला निरोप दिला होता आणि मायने दिला नव्हता, त्यामुळे एकाच घरात दोघं दोन वेगळ्या गावांत राहिल्यासारखी राहू लागली.

सरपंच होते गोविंदा पाटील. माणूस मनाचा वाईट नव्हता, फक्त भाषणाची हौस दांडगी. दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी शहिदाचं स्मारक झालं, मोटारीतून साहेब आले, हे त्यांनी ऐकलं होतं. आता आपल्याही गावाला आपला असा एक शहीद मिळाला होता आणि गाव त्याला सोडायला तयार नव्हतं. घरटी पायलीभर धान गोळा झालं. लाखनीच्या बाजारात पाटे आणि जाती घडवणारा एक पाथरवट बसायचा, त्याला दगड सांगितला. त्याने दर्शनी बाजू गुळगुळीत करून दादाचं नाव कोरलं, वर ‘अमर’ आणि खाली दोन कमळं काढली. मागची बाजू मात्र हाताच्या सवयीने टाकी मारमारून पाट्यासारखी खरबरीत करून ठेवली. दगड बसला तलावाच्या पाळीवर, मोठ्या घाटाच्या तोंडाशी, चिंचेखाली.

मोठा घाट म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. आमच्या लोकांनी धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण तलावाच्या घाटांनी काही दीक्षा घेतली नव्हती. मोठा घाट त्यांचा, वरच्या जातींचा, आणि चिंचेपलीकडचा निसरडा उतार आमचा. आता कुणी अडवत नसे, पण कुणी जातही नसे. दगड बसवला त्या दिवशी झेंडावंदन होतं. मला परकर-पोलक्याचा नवा जोड शिवला होता आणि देशावरचं एक गाणं म्हणायला लावलं होतं. ते मी मधेच विसरले आणि लोकांना वाटलं भावाच्या आठवणीने गळा दाटला, म्हणून टाळ्या जास्तच पडल्या. सरपंचांनी बाबांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कालपर्यंत ‘ए कवड्या’ म्हणणारे पाटील त्या दिवशी माईकवर ‘आमचे कवडूजी’ म्हणाले. माय आली नव्हती. ती घरी भिंत पोतारत होती.

त्यानंतर बाबा रोज सकाळी ओलं फडकं घेऊन मोठ्या घाटावर जाऊ लागले. दगड पुसायचे, दोन फुलं ठेवायचे, घटकाभर पाण्याकडे बघत बसायचे. येणारे-जाणारे ‘राम राम कवडूजी’ म्हणत. आयुष्यभर वाकून चाललेला माणूस त्या वर्षात थोडा ताठ झाला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मायनेही ते पाहिलं होतं आणि तेच तिला सहन होत नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, “पोराच्या बदल्यात नावापुढचा ‘जी’ घेतला काय तुमी?” बाबांनी उचललेला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, “तो गेला असन त त्याचं नाव तरी गावाच्या मधात राहू दे, भागरता. आपल्या कोनाचं नाव कवा होतं तेथं?” माय म्हणाली, “मले नाव नाही पायजे. मले पोरगा पायजे.” दोघंही खरं बोलत होती आणि मी मधे बसून भात गिळत होते. त्या भाताची चव मला आजही नको वाटते.

पुन्हा धान निघालं. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, शाहीर डफ घेऊन दिवसाढवळ्या खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, करतात, सवाल-जवाब रंगतात. त्या वर्षी गावाने ठरवलं की शहिदाच्या दुखवट्यात मंडई बंद ठेवायची. हे ऐकलं आणि माय पदर खोचून थेट पाटलांच्या ओसरीवर गेली. तोवर त्या ओसरीच्या पायरीवर आमच्या घरची बाई चढली नव्हती. ती म्हणाली, “मंडई बंद करू नोका. माह्या घरी कोनी मेलं नाही.” पाटील गडबडले. शेवटी तोड अशी निघाली की मंडई भरवायची, पण शाहिराने श्रावणवर पोवाडा करायचा. मायने कपाळावर हात मारला आणि पोवाडा ऐकायला मी येणार नाही असं सांगून टाकलं. घरी येऊन तिने नव्या धानाचे पोहे कांडले, एका गाडग्यात भरले, वर फडकं बांधलं. “याले हात लावजो नोको सुले,” ती मला म्हणाली, “दादाचे हायेत.” मला तेव्हा तिची भीती वाटली. गावात दबक्या आवाजात बोलत होते ते खरं असेल, हिचं डोकं फिरलं असेल, असं त्या एका क्षणी मलाही वाटलं.

मंडईचा दिवस चांगलाच उजाडला. थंडीतलं कोवळं ऊन, पाळीवर दुकानांची रांग, जिलेबीच्या कढईचा वास अख्ख्या गावावर. शाहीर सीताराम भर दुपारी चिंचेखाली उभे राहिले, अगदी त्या दगडाजवळ. बाबा दगडाशेजारी हात जोडून उभे. मी हातात जिलेबीचा पुडा घेऊन गर्दीच्या कडेला होते. शाहिरांनी दादाला पोवाड्यात हातभर उंच केलं होतं आणि झुपकेदार मिशी दिली होती, जी त्याला कधी धड फुटली नव्हती. तो एकटाच शत्रूच्या फौजेत घुसला, दाही दिशांना तलवार फिरवू लागला. बंदूक सोडून त्याने तलवार कधी घेतली, हे विचारायची सोय नव्हती. बाया डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या.

तेवढ्यात मला गर्दीच्या मागे एक माणूस दिसला. डोक्याचे केस भादरलेले, गाल आत गेलेले, अंगात दुसऱ्याच्या मापाचा कोट, पायाशी पत्र्याची पेटी. तो मान तिरकी करून मन लावून पोवाडा ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याने एक पाय उचलला आणि दुसऱ्या पोटरीवर घासायला सुरुवात केली. माझ्या हातातला पुडा खाली पडला. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं, पण तो पाय मी हजारात ओळखला असता. मी जवळ गेले, कोटाची बाही धरली आणि म्हणाले, “दादा?” त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, नजर मात्र शाहिरावरच. “थांब वो सुले,” तो हळूच म्हणाला, “मले मरू दे आधी.”

आणि तो खरोखर आपलं मरण शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. पुढे मी त्याला कितीदा तरी विचारलं की तू ओरडला का नाहीस, पुढे का धावला नाहीस. त्याचं उत्तर ठरलेलं. इतकं जीव तोडून गाऊन राहिले होते, मधात कसा बोलू? पोवाड्यात दादा पडला, तिरंग्यात लपेटला गेला, लोकांनी सुस्कारा सोडला. तेव्हा त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि गर्दीतून वाट काढत पुढे निघाला. गर्दीकडे तोंड शाहिराचं, त्यामुळे त्यालाच तो आधी दिसला. डफावर उचललेला हात तसाच वर राहिला. पाटील मागे वळून म्हणाले, “कोन हाये रे?” दादा म्हणाला, “मीच हावो जी. श्रावण. आत्ता मेलो तो.”

बाबांनी दादाकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा दादाकडे. ते तिथेच जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मी तोवर घराकडे पळत सुटले होते. माय अंगणात होती. मी धापा टाकत सांगितलं आणि वर्षभर डोळ्यातून टिपूस न काढलेल्या माझ्या मायने असा काही टाहो फोडला की शेजारच्या बायांना वाटलं, आता खरंच मेल्याची खबर आली. त्या छाती बडवत धावत आल्या. एकीकडून त्या रडत येत आहेत, दुसरीकडून ज्याच्यासाठी रडत आहेत तो पेटी घेऊन येतो आहे, आणि माय मधे उभी राहून रडता रडता हसते आहे. इतकं सुख मी नंतर कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नात नाही, माझ्या मुलाच्या जन्मावेळीही नाही. दादाने हातपाय धुतले, मायने गाडग्याचं फडकं सोडलं, आणि त्याने गुळाबरोबर ते पोहे खाल्ले. निम्मं गाव दारात उभं राहून त्याचं खाणं बघत होतं, जणू मेलेला माणूस पोहे कसे खातो हे कुणी पाहिलंच नव्हतं. तो जखमी होऊन पलीकडच्या मुलुखात कैदेत होता, कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सुटला. येतो आहे म्हणून त्याने धाडलेलं पत्र तो आल्यानंतर आलं. ते बाबांनी तरीही मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं.

आनंद चार दिवस टिकला आणि मग सगळ्यांना गोट्याची आठवण झाली. जिवंत माणसाचं स्मारक गावात उभं, याचं करायचं काय? गावातल्या जाणत्यांनी शंका काढली की रिकामा गोटा माणूस मागतो, नाव कोरलेल्याला घेतल्याशिवाय तो शांत होत नाही. हे मायच्या कानावर आलं. तारेला, सरपंचाला, साऱ्या गावाला न भ्यालेली माझी माय त्या दगडाला भ्याली. धम्मात असलं काही नाही, हे तिला माहीत होतं, पण पोर एकदा हातचं जाऊन परत आलेलं होतं. तिने घोषा लावला, गोटा उखडा आणि तलावात टाका. बाबांनी मोठ्या घाटावर जाणं बंद केलं होतं. एका सकाळी पाटील वाटेत भेटले आणि हसून म्हणाले, “काय कवडू, आलं न पोरगं!” मनात काही नव्हतं त्यांच्या, खरा आनंदच होता. पण ‘जी’ गेला होता. बाबांनी तो गेलेला ऐकला आणि बोट धरून चाललेल्या मीही ऐकला. मुलगा परत आल्याच्या सुखात ही एवढीशी गोष्ट बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

शेवटी चिंचेखाली बैठक बसली. कुणी म्हणालं, गोटा आडवा टाका, धुण्याला बरा. मागची बाजू खरबरीत आहेच. कुणी म्हणालं, पाथरवटाला परत द्या, दोन पाटे होतील. दादा एका पायावर उभा राहून ऐकत होता. पाटील म्हणाले, “श्रावण, तूच सांग बाप्पा. गोटा तुहा हाये.”

दादा आल्यापासून लढाईबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. म्हणाला, “माह्यासोबत एक होता. हरकसिंग. पहाडातला पोट्टा. मले गोळी लागली, त्याले दोन लागल्या. कैदेत आमी बाजूबाजूच्या खाटेवर होतो. झोप येत नव्हती त तो म्हने, तेरे गाँव का बता. मी काय सांगनार? मी तलाव सांगतला. कमळं सांगतली, झिंगे सांगतले, हे चिंच सांगतली. त्याले भारी नवल वाटे. म्हने, हमारे यहाँ पानी बैठता नहीं, भागता है. मैंने बैठा हुआ पानी देखा ही नहीं. सुटलो का आधी तुह्या गावाले येतो, म्हने, अन् दिवसभर त्या पान्याजवळ बसतो.” दादाने उचललेला पाय खाली टेकवला. “तो तेथंच गेला. तिकडच्याच मातीत हाये. मागं त्याले कोनी नाही, माय लहानपनीच मेली. गोटा उखडू नोका जी. या गोट्याले एक मानूस पायजे असन त तो हाये. पान्याकडच्या अंगाले त्याचं नाव टाका. त्याले पाहाचं होतं.”

कुणीतरी मागून विचारलं, “कोनत्या जातीचा होता म्हनावं?” दादा म्हणाला, “मी इचारलं नाही, त्यानं सांगतलं नाही. एका थाळीत जेवत होतो.” कुणाचंतरी पोर पाण्यात खडे मारत होतं, त्याला त्याच्या आजीने चापट दिली. पाटलांनी खोकून घसा साफ केला. मला वाटलं आता भाषण सुरू होणार. पण ते बाबांकडे वळले आणि विचारलं, “तुमी काय म्हनता कवडूजी?” बाबांनी मान वर केली. “पोरगा म्हनते तसंच करा,” ते म्हणाले. “पुसाले मी हावोच.”

पाथरवट पुन्हा आला. खरबरीत बाजू घासून त्याने हरकसिंगचं नाव कोरलं. गावाचं नाव माहीत नव्हतं, जन्म माहीत नव्हता, म्हणून नुसतं नाव, आणि खाली पाण्याच्या दोन आडव्या रेघा. त्या रेघा त्याच्या त्यानेच काढल्या. प्रश्न राहिला पुढच्या बाजूचा. दादा थट्टेने म्हणाला, “राहू दे माहंही. एक दिवस लागनच न. आगाऊ कोरलेलं बरं.” मायने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग घरी गेली आणि पांढऱ्या मातीचं घमेलं घेऊन आली. मोठ्या घाटाच्या तोंडाशी फतकल मारून तिने तो ‘अमर’, ते नाव आणि ती कमळं सगळं भिंतीसारखं पोतारून काढलं. एकावर एक असे दाट हात दिले. “हा म्हातारा होईन,” ती गावाला म्हणाली, “नातवंडं खेळवीन, आपल्या खाटेवर मरन, तवा धुवा ही माती. तोवरी मी पोतारीन.” पाटलांनी मान डोलावली. घाटावर बसून काम करताना तिला कुणी काही म्हणालं नाही आणि तेव्हापासून आमच्या बायका धुणं घेऊन निसरड्या उतारावर कधी गेल्या नाहीत.

पावसाने ती माती दर वर्षी थोडी धुऊन जायची, एखादं अक्षर डोकवायचं. मग मंडईच्या आदल्या दिवशी माय घमेलं घेऊन जायची आणि परतताना म्हणायची, “झाकलं बाई, यंदाही झाकलं.” बाबा असेपर्यंत पाण्याकडची बाजू पुसत राहिले. त्यांचं फडकं पुढे दादाने घेतलं आणि मायचं घमेलं मी. मी परिचारिका झाले, भंडाऱ्याला नोकरी केली, खूप मरणं जवळून पाहिली, शंका-कुशंका मानत नाही. तरी मंडई जवळ आली की मला चैन पडत नाही. आता देशभक्तीचा गलका खूप वाढला आहे. माझ्या नातवाच्या मोबाईलवर झेंड्याच्या दिवशी सैनिकांना इतके सलाम येतात की सायंकाळपर्यंत तो ते पुसून टाकतो. दादाला शाळेत बोलावून शाल देतात, तो ती शाल मला देतो. त्याला राग नाही त्यांचा. त्याला फक्त एवढंच वाटतं की शाल देणाऱ्यांनी एकदा तलावाकडे यावं.

गावाने मात्र हरकसिंगला आपल्या परीने ठेवून घेतलं. नव्या सुनांना वाटतं तो आपल्याच गावचा कुणी पूर्वज असावा. मासे धरणारे जाळं टाकताना त्याच्या बाजूला पाणी शिंपडतात. कुणाचं तरी मूल तापातून उठलं आणि त्यांनी त्याचं नावच हरक ठेवलं, मग दुसऱ्या घरानेही ठेवलं. आमच्या भागात हे नाव कुठे नाही, फक्त आमच्या गावात आहे. मी पूर्वी लोकांना खरी हकीकत सांगायची. दादा म्हणाला, “राहू दे वो. त्याले पानी भेटलं. आनखी काय पायजे?”

यंदाही मी मंडईच्या दिवशी सकाळीच पोहोचले. दादा उपड्या टोपलीवर बसून माझ्यावर देखरेख करत होता. ऐंशीला टेकला आहे, ऐकू फार कमी येतं, नातवंडं खेळवून झाली, आता पणतवंडाची वाट बघतो. “कोपरा राहिला वो सुले,” तो म्हणाला. तेवढ्यात घाटावरून एका बाईने हाक मारली, “ए हरक! निघ बाहेर पान्यातून, कवापासून बसून राहिला!” दुसऱ्या कशाला वळून न बघणाऱ्या माझ्या भावाने झटकन मान वळवली. एक पोरगं गळाभर पाण्यात बसलं होतं, कमळाच्या पानाशी खेळत, आणि बाहेर निघायचं नाव घेत नव्हतं. दादा त्याच्याकडे बघत राहिला आणि हसला. मी राहिलेल्या कोपऱ्यावर हात फिरवला. नावाचा मागमूस उरला नाही.

“झाकलं रे दादा,” मी त्याच्या कानाशी ओरडून म्हणाले, “यंदाही झाकलं.”

मग आम्ही घाटावर हात धुतले आणि जिलेबी खायला मंडईत गेलो.